मक्तेदाराने स्वतःचा विमा उतरवावा काय?

रंगकाम, नळजोडणी, वीजजोडणी, फर्निचर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, स्लॅबचे सेंटरिंग अशी कामे मक्त्याने घेऊन चार-सहा माणसांच्या बळावर स्वतंत्र धंदा करणाऱ्या वाचकांकडून एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांत वारंवार येत असते : आमची काही कंपनी नाही, कारखाना नाही, मग आम्हांला धंद्याचा विमा हवा कशाला? कोणी असे विचारतात की, बिल्डरने अथवा सोसायटीने विमा काढलेला असताना आपण पुन्हा हप्ता का भरावा. आणि कोणास, विमा नसल्यास सरकार दंड करते की काय, एवढेच जाणून घ्यावयाचे असते. हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली जातात म्हणूनच बहुतेक घोटाळा होतो.

सक्ती कशाची आहे आणि कशाची नाही

छोट्या मक्तेदाराने धंद्याचा विमा काढलाच पाहिजे असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. सक्ती आहे ती काही ठरावीक बाबतींत :

- वाहन : सामान वाहणारा टेंपो असो, मोटारसायकल असो की रस्त्यावरून धावणारा जेसीबी असो, 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा अनिवार्य आहे. खासगी म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने माल वाहण्यास लावली, तर दाव्याच्या वेळी तीच सबब कंपनीच्या हाती आयती मिळते.
- राज्य कामगार विमा : दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्यांची नोंदणी करावी लागते; मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के. या योजनेखाली आलेल्या कामगाराला कामावर इजा झाल्यास लाभ महामंडळ देते, तीच भरपाई पुन्हा मालकाकडून मागता येत नाही.
- करारनाम्यातील अट : कायदा सांगत नसला तरी काम देणारा सांगू शकतो. मोठ्या सोसायट्या, कारखाने आणि सरकारी खाती विम्याचा दाखला हाती पडल्याशिवाय काम सुरू करू देत नाहीत.

1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचे नाव ऐकून पुष्कळ जण बिचकतात. तो कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला. रंगाच्या डब्यांवर आणि पाइपांवर पोट भरणाऱ्या मक्तेदाराशी त्याचा सहसा संबंध येत नाही.

तेव्हा, विमा नसल्यास दंड होतो काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांपुरते 'नाही' असे आहे. परंतु एवढे ऐकून जो निर्धास्त होतो तो फसतो. कारण विमा ऐच्छिक असला तरी ज्या भरपाईसाठी तो काढावयाचा ती भरपाई मुळीच ऐच्छिक नाही.

माणूस पडला तर देणे कोणाचे

कामावर असताना व कामाच्या ओघात अपघात होऊन मजूर दगावला किंवा अधू झाला, तर त्याची भरपाई मालकाने द्यावी, असा दंडक 1923 पासून आहे. त्या वेळचा कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये समाविष्ट झाला असला, तरी तत्त्व तेच राहिले आहे : मालकाची चूक शाबीत करावी लागत नाही, अपघात कामाशी निगडित होता एवढे पुरते. आणि येथे 'मालक' म्हणजे घराचा धनी नव्हे. ज्याने माणसाला कामावर बोलाविले, ज्याने त्याची हजेरी मांडली आणि ज्याने आठवड्याला त्याचा पगार वाटला तो, म्हणजे तुम्ही.

रक्कम किती होते हे एकदा कागदावर मांडून पाहावे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98 आहे. जुन्या कायद्याखाली जानेवारी 2020 मध्ये ठरलेली 15,000 रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर निम्मे झाले 7,500 आणि भरपाई झाली 15,59,850 रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात, आणि तोच आकडा 18,71,820 रुपयांवर जातो. औषधोपचाराचा खर्च याहून वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत भरली नाही, तर जुन्या कायद्यात त्यावर बारा टक्के व्याज आणि उशिराला सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड अशी तजवीज होती. दोन खोल्यांच्या रंगकामात जो मक्तेदार पंधरा-वीस हजार रुपये सुटले म्हणून समाधान मानतो, त्याने परांचीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहताना हा हिशेब ध्यानात ठेवलेला बरा.

हे देणे टाळण्यासाठी बाजारात जे उपाय चालतात, त्यांतले तीन येथे मुद्दाम सांगतो, कारण तिन्ही निरुपयोगी आहेत.

पहिला, मुद्रांक कागदावर मजुराकडून 'मी स्वतःच्या जबाबदारीवर काम करीत आहे' असे लिहून घेणे. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. कागदाचे पैसे मात्र वाया जातात. दुसरा, 'तो दारू प्यालेला होता' किंवा 'सांगूनही त्याने पट्टा बांधला नाही' असा बचाव करणे. लहानसहान इजेच्या बाबतीत या बचावास काही अर्थ आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तो चालत नाही. तिसरा उपाय सर्वांत महागात पडणारा आणि दुर्दैवाने सद्भावनेनेच केला जाणारा : गावाहून आलेल्या वारसांच्या हाती चार पंचांसमक्ष लाख-दोन लाख रुपये ठेवून प्रकरण मिटविणे. मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम, थोडीशी आगाऊ वजा जाता, भरपाई म्हणून धरली जात नाही, आणि वर्षभराने नोटीस आली की तीच रक्कम पुन्हा भरण्याची पाळी येते.

आता बिल्डरच्या विम्याविषयी. एखादा बिल्डर आपल्या धंद्यातलेच काम तुम्हांला पोटमक्त्याने देतो, तेव्हा मजुराला भरपाई थेट बिल्डरकडून मागण्याचा हक्क आहे, हे खरे. पण बिल्डरने ती भरली की तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क त्यालाही आहे. त्याच्या पॉलिसीत पोटमक्तेदारांच्या माणसांचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या पॉलिसीचा तुम्हांला काडीचा उपयोग नाही. याउलट, एखाद्या गृहस्थाच्या राहत्या घराची दुरुस्ती तुम्ही करीत असाल तर बांधकाम हा त्याचा धंदा नसल्यामुळे मुख्य मालक म्हणून त्याला गोवणे प्रायः अवघड जाते, आणि सारा भार एकट्या तुमच्यावर येतो. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत कामगारांना मिळणारे साहाय्य हा तर निराळाच हक्क आहे. त्याने तुमचे देणे फिटत नाही. तथापि आपल्या माणसांची नोंदणी करवून द्या. त्यासाठी वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देण्यात हयगय करणारे मक्तेदार पुष्कळ आहेत.

मजुरांची पॉलिसी घेताना

जिला बाजारात अजून 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन' किंवा नुसती 'डब्ल्यूसी' म्हणतात, ती पॉलिसी सर्वप्रथम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा हप्ता माणसांच्या डोक्यावर नव्हे, तर वर्षभरात तुम्ही वाटणार असलेल्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. म्हणून मजुरी कमी दाखवून हप्ता वाचविण्याचा मोह आवरावा. सहा माणसे राबत असताना दोनच दाखविली, तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न हजेरीपत्रकाचाच असतो. पुढील गोष्टी विचारून, शक्य तर लेखी उत्तर घेऊन, मगच पैसे भरावेत :

- पॉलिसी नावानिशी आहे की कामाच्या वर्गानुसार? नाक्यावरून रोज वेगळी माणसे आणणाऱ्याला नावांची यादी जोडलेली पॉलिसी कुचकामी ठरते.
- ती एकाच साइटपुरती आहे, की महाराष्ट्रात वा गोव्यात तुम्ही जेथे जाल तेथे लागू?
- औषधोपचाराचा खर्च अंतर्भूत आहे काय आणि किती रकमेपर्यंत? हा भाग पुष्कळदा जादा हप्ता भरून घ्यावा लागतो.
- भरपाईवरील व्याज कंपनी देते काय? दंडाची रक्कम मात्र कंपनी देणार नाही, हे गृहीत धरा.
- उंचीवरच्या कामाबाबत काही अट आहे काय?

दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान

सहाव्या मजल्यावरच्या न्हाणीघरात तुम्ही भिंतीत पाइप पुरून दिलात, एक सांधा नीट बसला नाही, आणि रात्रीतून पाचव्या मजल्यावरचे छत, पंखा, गादी, कपाट भिजून गेले. अथवा गच्चीवर डांबरी मेम्ब्रेन चिकटविताना गॅसच्या ज्योतीने शेजारच्या शेडला आग लागली. अशा प्रसंगी जो तक्रार घेऊन येतो तो तुमचे गिऱ्हाईकही नसतो आणि नोकरही नसतो. तो त्रयस्थ असतो, आणि त्याच्यासाठी सार्वजनिक दायित्वाची स्वतंत्र पॉलिसी लागते. तिच्यात दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एक एका घटनेपुरती आणि एक वर्षभराच्या एकूण दाव्यांपुरती. दलाल बहुधा दुसरी, मोठी रक्कम सांगतो. तुम्ही पहिली वाचावी.

या पॉलिसीतून काय मिळत नाही, हे काय मिळते याहून महत्त्वाचे आहे. खराब झालेला पाइप बदलण्याचा खर्च तुमचाच. विमा त्या पाइपामुळे दुसऱ्याचे जे नासले त्याचा आहे, तुमच्या कारागिरीचा नाही. दुरुस्तीसाठी तुमच्या ताब्यात दिलेली वस्तू सहसा वगळलेली असते. महिनोन्महिने झिरपत राहिलेल्या ओलीविषयीही कंपन्या नाखूष असतात. आणि काम पुरे करून चावी परत दिल्यानंतर उद्भवलेले नुकसान प्रत्येक पॉलिसीत असतेच असे नाही, ते मुद्दाम मागून घ्यावे लागते. नळकारागिरांच्या बाबतीत तर खरा धोका काम संपल्यावरच सुरू होत असल्याने, एवढा एक मुद्दा पॉलिसीत नसेल तर तिचा निम्मा हप्ता व्यर्थ गेला असे समजावे.

ज्यांचे काम आराखडे काढण्याचे, सल्ला देण्याचे किंवा हिशेब तपासण्याचे आहे, त्यांना ही पॉलिसी फारशी उपयोगाची नाही. त्यांनी व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी पाहावी. तिचे वैशिष्ट्य असे की, चूक केव्हा झाली याबरोबरच दावा केव्हा आला हेही तीत पाहिले जाते, म्हणून मध्येच एक वर्ष ती खंडित केली तर मागच्या कामांचे संरक्षणही सुटण्याचा संभव असतो.

चालू कामाचा विमा आणि सरकारी मक्ते

सगळे बांधकामच तुमच्या अंगावर असेल, तर काम चालू असताना आग, पूर, वादळ, चोरी किंवा कोसळणे यांपासून संरक्षण देणारी, बाजारात 'कार' या नावाने ओळखली जाणारी पॉलिसी घ्यावी. तिचा दुसरा भाग त्रयस्थाच्या नुकसानीचा असतो, त्यामुळे त्या एका कामापुरती दोन्ही गरजा एकत्र भागतात. येथे खाचखळगा विमा रकमेचा आहे. धन्याने पुरविलेल्या सिमेंट-सळईसह पूर्ण झालेल्या कामाची जी किंमत होईल, तितक्याच रकमेचा विमा हवा. वीस लाखांच्या कामाचा दहा लाखांचाच विमा काढला आणि चार लाखांची हानी झाली, तर कंपनी निम्म्या प्रमाणात म्हणजे दोन लाख मोजते, आणि त्यातूनही तुम्ही स्वतः सोसावयाची ठरलेली रक्कम वजा होते. सदोष आराखडा, झीज आणि साठामोजणीत आढळलेली तूट या पॉलिसीत येत नाही.

महाराष्ट्रातील सार्वजनिक बांधकाम खात्याची व तत्सम सरकारी कामे घेणाऱ्यांनी निविदेतील विम्याचे कलम बारकाईने वाचावे. तेथे मक्तेदाराने ही पॉलिसी व मजुरांची पॉलिसी राज्याच्या विमा संचालनालयाच्या शासकीय विमा निधीकडूनच घ्यावी अशी अट असते, आणि ती पाळली नाही तर निधीने काढलेल्या हप्त्याची रक्कम तुमच्या देयकातून परस्पर कापली जाते. खासगी कंपनीची पॉलिसी अगोदर घेऊन बसलेल्यांना यामुळे दोनदा पैसे मोजावे लागतात.

तुमचे स्वतःचे काय

मजुरांची पॉलिसी मजुरांची असते. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालक स्वतःचा नोकर होऊ शकत नाही, म्हणून शिडीवरून तुम्ही पडलात तर तीतून तुम्हांला काहीही मिळत नाही, आणि हे ऐकून आश्चर्य वाटणारे मक्तेदार मी पुष्कळ पाहिले आहेत. स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा, आणि त्यात मृत्यूच्या रकमेपेक्षा अंथरुणाला खिळून असताना दर आठवड्याला मिळणाऱ्या रकमेकडे अधिक लक्ष द्यावे, कारण हात मोडून तीन महिने घरी बसणे हा प्रकार मृत्यूपेक्षा कितीतरी अधिक वेळा घडतो. सुरुवात म्हणून वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना 18 ते 70 वयाच्या कोणाही बँक खातेदारास उपलब्ध आहे. ती तुम्हीही घ्या आणि माणसांनाही घेण्यास लावा. परंतु पंधरा लाखांच्या देण्यापुढे तिचे दोन लाख ठेवून कोणी आपली जबाबदारी संपली असे मानू नये.

ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, जो गिऱ्हाइकाच्या घरात कापणे-खोदणे करीत नाही आणि ज्याचे सर्व काम टेबलावर होते, त्याने अपघात व आजारपणाचा विमा घेऊन तूर्त थांबावे. शेजघराच्या कोपऱ्यात संगणक ठेवला म्हणून 'ऑफिस पॅकेज' गळ्यात मारून घेण्याचे कारण नाही.

प्रस्ताव अर्ज

बहुतेक दावे अपघाताच्या दिवशी नव्हे, तर प्रस्ताव अर्ज भरला त्याच दिवशी बुडालेले असतात. दलाल घाईत असतो, तुम्ही साइटवर असता, आणि व्यवसायाच्या रकान्यात तो 'इंटिरिअर व रंगकाम' एवढे लिहून सही घेऊन जातो. पुढे सात मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला परांची बांधून रंग देताना माणूस पडतो, आणि कंपनी शांतपणे विचारते, हे आतले काम कसे? यासाठी रकान्यात बसेल न बसेल, बाहेरील भिंती, उंची, ज्योतीचे काम, तोडफोड, विजेचे काम असे जे जे तुम्ही वर्षभरात कधीतरी करता ते सर्व लिहावे, मागील अपघात लपवू नयेत, आणि भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी. हप्ता आगाऊ पोहोचल्याशिवाय विमा कंपनीवर जोखीम येत नाही, असे 1938 च्या विमा कायद्यातच आहे. सबब 'उद्या पैसे भरा, पॉलिसी आजपासून धरतो' या दलालाच्या शब्दावर माणसे परांचीवर चढवू नका. धनादेश परत गेला तर पॉलिसीही गेली.

अपघात झाल्यावर

1. जखमीला इस्पितळात नेणे आणि उरलेला धोका दूर करणे हे पहिले. त्यासाठी जे हलवावे लागेल ते हलवा, पण त्यापूर्वी छायाचित्रे घ्या.
2. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. दलालाला फोन केला म्हणजे कंपनीला कळविले असे होत नाही.
3. गंभीर इजा वा मृत्यू असल्यास पोलिसांत खबर द्या. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, हजेरीपत्रक आणि मजुरी वाटल्याचा पुरावा एकत्र ठेवा. मजुरी बँकेतून गेली असेल तर निम्मा वाद येथेच मिटतो.
4. 'चूक माझी, सगळे भरून देतो' असे चिठ्ठीत वा व्हॉट्सॲपवर लिहू नका. माणुसकीने बोलावे, मदत करावी. पण कंपनीच्या संमतीवाचून दायित्व कबूल केले तर दायित्वाच्या पॉलिसीतील अटीचा भंग होतो.
5. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडलेला माल टाकून देऊ नका.

दावा नाकारला गेला तर

नकार तोंडी स्वीकारू नका. कोणत्या कलमान्वये दावा नामंजूर झाला हे लेखी मागा, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. ती मिळण्याचा तुम्हांला हक्क आहे. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. ही सोय केवळ घरगुती पॉलिसींसाठी आहे असा गैरसमज आहे; एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही तिचा लाभ आहे, आणि उद्यम नोंदणीचा दाखला जवळ असेल तर हे सिद्ध करणे सुलभ जाते. फी नाही, वकील लागत नाही; नकारापासून वर्षाच्या आत मात्र जावे लागते, आणि लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंतच भरपाई देऊ शकतो. मुंबई व पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत.

त्याहून मोठी रक्कम असेल, किंवा साक्षीपुरावा घेण्याजोगा वाद असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. धंद्यासाठी काढलेला विमा म्हणजे 'व्यापारी हेतू', सबब तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप कंपनीकडून येण्याचा संभव आहे. नुकसान भरून मिळावे म्हणून काढलेला विमा निव्वळ धंद्याचा आहे एवढ्यावरून व्यापारी हेतूचा ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली असल्याने त्या आक्षेपाने नाउमेद होऊ नये. आयोगाची पायरी दाव्याच्या रकमेवर नव्हे, तर तुम्ही भरलेल्या हप्त्यावर ठरत असल्यामुळे छोट्या मक्तेदाराचे प्रकरण जिल्हा आयोगातच बसते, आणि कंपनीचे मुख्य कार्यालय कोठेही असले तरी फिर्याद तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. लोकपालाकडे गेलो होतो, तेवढा काळ ती आपोआप थांबली असेल, असे धरून चालू नका.